राग ग्रंथींचा, हात कोणाचा?



अपमान झाला की छाती धडधडते, हात थरथरतात. पूर्वी अशा वेळी कोणी म्हणे, अंगात आले. कोणी म्हणे, ग्रह फिरले. विज्ञान वेगळे सांगते. मेंदूला धोका जाणवताच मज्जातंतूंमार्फत मूत्रपिंडांवरील दोन लहान ग्रंथींना इशारा जातो. त्या अ‍ॅड्रेनलिन हे संप्रेरक रक्तात सोडतात. हृदयाचे ठोके वाढतात, यकृतातील साखर रक्तात उतरते, शरीर लढायला किंवा पळायला सज्ज होते. यात आपली परवानगी कोणी विचारीत नाही.

मग राग जर ग्रंथींचा, तर उगारलेल्या हाताचा दोष कोणाचा?

उत्तर आपल्या नाशकातच आहे. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. बंद दरवाजांपुढे आपले वाडवडील, आयाबाया बसून राहिल्या. ९ एप्रिलला रथावरून झटापट झाली, सत्याग्रहींवर दगडफेक झाली. त्यांच्याही अंगात ह्याच ग्रंथी होत्या. तरी तो लढा दगडाला दगड असा झाला नाही. पुढेही तो सत्याग्रहच राहिला.

तथागतांनी वेदना आणि तृष्णा वेगळ्या सांगितल्या. वेदना आपोआप उठते. तिच्यामागे धावायचे की नाही, हे आपल्या हाती असते. सावकाश सोडलेला एक दीर्घ श्वासही हृदयाची गती उतरवतो.

म्हणून घरात बायकामुलांवर हात टाकून ‘राग आवरला नाही’ अशी सबब सांगू नका. साहेबासमोर तोच राग बरा आवरतो!