पांढरे डाग

रिपोर्ट मामीनं आणला. मामेबहीण ऑफिसात होती. मामी मराठी-हिंदी सहज वाचते, पण रिपोर्ट इंग्रजीत. म्हणून शेजारच्या मुलाकडून फोटो काढून घेऊन तिनं तो इंदूरहून मला धाडला आणि लगेच फोन केला. "तू एवढी पुस्तकं मराठीत आणतेस, हे दोन कागद तेवढे सांग."

बहीण ३२ वर्षांची. अर्धशिशी वाढली म्हणून मेंदूचा एमआरआय काढायला सांगितलेला. मेंदूतल्या पोकळ्यांच्या कडेनं काही लंबगोल, उजळ ठिपके दिसले होते. कारण म्हणून डिमायलिनेशनची, म्हणजे चेतातंतूंवरचं मायलिनचं आवरण नष्ट होण्याची, शक्यता नोंदवली होती. शेवटी रेडिओलॉजिस्ट नेहमी लिहितात ते वाक्य: लक्षणांशी ताडून पाहावे.

मल्टिपल स्क्लेरोसिस हे शब्द एकदाच, प्रश्नचिन्हासह आले होते. ते मी गाळले. म्हटलं, "मामी, मेंदूत थोडे पांढरे डाग आहेत. डॉक्टर बघतील."

पलीकडे बराच वेळ आवाज नाही. मग अगदी हळू: "कोड मेंदूतही उठतं?"

सौम्य शब्द म्हणून मी 'डाग' निवडला होता. हिंदीतही सुटका नव्हती. 'सफेद दाग' घालवून देणाऱ्यांच्या जाहिराती मामीनं आयुष्यभर भिंतींवर वाचल्या आहेत. 'व्रण' म्हणावं तर तो चिघळतो, 'चट्टा' म्हणावं तर पुन्हा कातडीवर येतो. मूळ 'लीजन' हा शब्द लॅटिनमधल्या इजेवरून आलेला, पण रिपोर्टांत वापरून वापरून इतका गुळगुळीत झालाय की त्यानं कुणाला काही दुखत नाही. मराठीत मला तसा बोथट शब्द सापडला नाही, आणि धंदा माझा शब्दांचा!

गंमत अशी की ते डाग पांढरे नाहीतच. यंत्रातलं प्रबळ चुंबक शरीरातल्या पाण्याच्या हायड्रोजनला वळण लावतं, रेडिओलहरी ते मोडतात, आणि तो पूर्ववत होताना येणाऱ्या संकेतांना काळ्या-करड्या-पांढऱ्या छटा दिल्या जातात. फ्लेअर नावाच्या पद्धतीत जो ठिपका लख्ख दिसतो तोच टी-वन या दुसऱ्या पद्धतीत काळपट दिसतो, कधी दिसतच नाही. म्हणजे माझ्या हाती आलं तेच मुळी भाषांतर होतं. पाण्याचं चित्र, चित्राचं इंग्रजी, इंग्रजीचं माझं मराठी, आणि माझ्या मराठीचं मामीच्या मनात झालेलं कोड.

त्या रात्री मला शार्कोची मोलकरीण आठवली. झां-मार्तँ शार्को यांनी १८६८ मध्ये पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात या आजाराची रीतसर मांडणी केली. ते वारल्यावर १८९३ मध्ये फ्रॉइडनं लिहिलेल्या मृत्युलेखात ही हकीकत आहे. हात थरथरत म्हणून त्या बाईला कुठं काम मिळेना. शार्कोनं तिला घरी ठेवून घेतलं, अभ्यासासाठी. तिनं फोडलेल्या बशा-ताटल्यांचा खर्च सोसला आणि ती मेल्यावर तिच्या मेंदूत आणि मज्जारज्जूत कठीण झालेल्या चकत्या दाखवून दिल्या. एरवी ती उपाशी मेली असती, हेही खरं. पण स्वयंपाकघरात आपण वाचल्या जातो आहोत, हे तिला कुणी सांगितलं होतं का, ते फ्रॉइड लिहीत नाही.

तिचं दुखणं आधी सगळ्यांना दिसलं, चकत्या मरणानंतर. १९८१ मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातून एमएसच्या रुग्णांची पहिली एमआरआय चित्रं छापून आली आणि हा क्रम उलटा होणं शक्य झालं. आता चकत्या आधी दिसू शकतात. दुखणं पुढं येईल किंवा येणारही नाही. चित्रानं अनेकांना न्यायही दिला, हे विसरून चालणार नाही. पाय जड पडतात, एका डोळ्यानं धूसर दिसतं, दुपारीच अंगातलं बळ सरतं, असं सांगणाऱ्या किती बायकांना 'नाटकं करते' हे ऐकावं लागलं असेल. हा आजार बायकांत दुपटीहून अधिक आढळतो. त्यांची बाजू शेवटी त्या ठिपक्यांनी मांडली. तरी ठिपके मोजून त्रास मोजता येत नाही. पुष्कळ ठिपके असलेली बाई डोंगर चढते, मोजके असलेली काठी घेते.

आणि जिला काहीच होत नाही तिचं काय? लक्षण नाही, पण चित्र एमएससारखं, अशा स्थितीला २००९ मध्ये वेगळं नाव मिळालं. अशांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांना ५ वर्षांत पहिलं लक्षण दिसतं, १० वर्षांत निम्म्यांना. निदानाच्या निकषांच्या २०२४ च्या आवृत्तीनं यांतल्या काहींना, लक्षण नसतानाही, थेट एमएस म्हणायची मुभा दिली. त्याला आधार आहे: औषध लवकर सुरू केलं तर पहिलं लक्षण लांबतं, असं चाचण्यांत दिसलंय. तरी मला हे विचित्र वाटतं, की बाई काल झोपली तशीच आज उठली आणि मधल्या रात्री कागद बदलल्यानं आजारी झाली. आजार मेंदूत असतो की वाक्यात, असा प्रश्न डॉक्टरांना पोरकट वाटेल. मामीला वाटणार नाही. तिच्या घरात त्या एका शब्दानं दोन दिवस चूल नीट पेटली नव्हती.

बहिणीचा फोन तिसऱ्या दिवशी आला. मला वाटलं, आईला घाबरवलं म्हणून रागावेल. ती म्हणाली, "ताई, तू 'डाग' म्हणालीस की अजून काही, त्याचं मला काही नाही. मेंदू माझा आहे. आईला सांगण्याआधी मला विचारलं का नाहीस?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मूळ लेखकाला न विचारता मी आजवर एकही पान छापलेलं नाही.

न्यूरॉलॉजिस्ट म्हणाले, काही ठिपके अर्धशिशीचेही असू शकतात. मणक्याचा एमआरआय करू आणि ६ महिन्यांनी मेंदूचा पुन्हा. तो झाला. या वेळी रिपोर्ट तिनं स्वतः मला पाठवला, खाली लिहून: आईला तूच सांग, पण सगळं. मी सगळं सांगितलं, तो मागं गाळलेला शब्दही. नवीन ठिपका नव्हता. कागदावर 'स्टेबल' असं होतं. मामीनं विचारलं, "म्हणजे गेलं?"

"नाही मामी," मी म्हटलं, "आहे तेवढंच आहे."

"बरं," ती म्हणाली, आणि तो इंग्रजी शब्द तिनं माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतला.