कायदे करणाऱ्या सभेंत स्त्रियांचा वांटा

न्याय करावयाचा तर दोन्ही पक्षांचें म्हणणें ऐकिलें पाहिजे, हें लहान मुलासही समजतें. मग ज्या सभेंत साऱ्या राष्ट्राकरितां कायदे होतात, तींत राष्ट्राच्या अर्ध्या माणसांचें म्हणणें कोणी मांडावें? पुरुषांनीं निवडून जाऊन स्त्रियांच्या वतीनें बोलणें पुरेसें आहे काय? कीं स्त्रियांनीं स्वतः तेथें बसणें न्यायाला अवश्य आहे? हा प्रश्न केवळ राजकारणी लोकांचा नव्हे. देवानें नर व नारी अशीं दोघेंही आपल्या प्रतिरूपाचीं उत्पन्न केलीं असें जो मानितो, त्याला तो टाळतां येत नाहीं.

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. स्वतंत्र भारताची घटना तयार करणाऱ्या सभेंत १५ स्त्रिया होत्या. त्यांत दलित समाजांतील दाक्षायणी वेलायुधन होत्या, आणि त्रावणकोरच्या ख्रिस्ती बाई आनी मास्करीन ह्याही होत्या. त्याच सभेंत १९४६ सालीं हंसाबाई मेहता ह्यांनीं सांगितलें कीं, स्त्रियांनीं राखीव जागा कधीं मागितल्या नाहींत. त्यांस न्याय पाहिजे, सवलत नको. ही आशा उदात्त होती. परंतु फळ काय झालें? १९५२ च्या पहिल्या लोकसभेंत स्त्रिया शेंकडा पांचांहून कमी होत्या. २०२४ च्या निवडणुकींत ५४३ जागांवर ७४ स्त्रिया निवडून आल्या, म्हणजे शेंकडा चौदाही नाहींत. महाराष्ट्राच्या ४८ जागांपैकीं ७ जागा स्त्रियांस मिळाल्या. बहात्तर वर्षांत एवढीच वाट चालून झाली.

ह्याचा दोष मतदारांच्या माथीं मारितां येत नाहीं. मत देण्यास स्त्रिया आज पुरुषांच्या बरोबरीनें जातात. परंतु २०२४ सालीं जे उमेदवार उभे होते, त्यांत शंभरांत दहाही स्त्रिया नव्हत्या. उमेदवारी देणारे हात पुरुषांचे असल्यामुळें स्त्रीचें नांव मतदारापुढें येण्यापूर्वींच खोडलें जातें.

आतां कित्येकांचा पहिला आक्षेप असा आहे कीं, सज्जन पुरुष सर्वांचें हित पाहतो. बाप आपल्या मुलीचें अकल्याण करील काय? ह्याला उत्तर गणना ह्या पुस्तकाच्या २७ व्या अध्यायांत आहे. सलाफहाद नांवाचा मनुष्य पुत्रावांचून मेला. त्याला पांच कन्या होत्या. त्या दर्शनमंडपाच्या दारीं मोशे, एलाजार याजक, सरदार व सर्व मंडळी ह्यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनीं आपल्या बापाचें वतन मागितलें. मोशे दुष्ट नव्हता; त्याच्यासारखा नम्र पुरुष पृथ्वीवर नव्हता असें शास्त्र सांगतें. तरी ही अडचण त्या कन्यांनीं मांडीपर्यंत त्याच्यापुढें आली नव्हती. त्यानें त्यांस हांकून दिलें नाहीं. त्यांची गोष्ट परमेश्वरापुढें नेली, आणि कन्यांचें म्हणणें बरोबर ठरून नियम झाला.

दुसरें उदाहरण आपल्या घराजवळचें आहे. हिंदुस्थानांतील ख्रिस्ती लोकांस लागू असलेला घटस्फोटाचा कायदा १८६९ सालीं झाला, तेव्हां तो करणाऱ्या मंडळांत एकही स्त्री नव्हती. त्याप्रमाणें नवऱ्यानें पत्नीचा व्यभिचार सिद्ध केला कीं पुरे होई. पत्नीला मात्र बहुतेक प्रसंगीं नवऱ्याच्या व्यभिचारासोबत त्याचा निर्दयपणा, किंवा दोन वर्षें टाकून देणें, असा आणखी एखादा अपराध सिद्ध करावा लागे. एकच पाप, आणि दोन मापें! हा भेद २००१ सालीं दूर झाला. तो दूर करणाऱ्या सभेंतही पुरुषच बहुसंख्य होते, हें प्रामाणिकपणें म्हटलें पाहिजे. पुरुषाच्या हातून न्याय होतच नाहीं असें नाहीं. पण येथें त्याला १३२ वर्षें लागलीं. ज्याचें जळतें त्याला कळतें ही म्हण आपल्या लोकांनीं उगीच केली नाहीं.

दुसरा आक्षेप असा कीं, योग्यता पाहून जागा द्यावी; जागा राखून ठेवणें म्हणजे पक्षपात होय. प्रेषितांचीं कृत्यें ह्या पुस्तकाचा सहावा अध्याय पाहा. यरुशलेमांतील मंडळींत ग्रीक भाषा बोलणाऱ्यांच्या विधवांची रोजच्या वांटणींत उपेक्षा होत होती. प्रेषितांनीं सात जण निवडावयास सांगितले, आणि त्या सातांचीं नांवें पाहिलीं तर सर्व ग्रीक आहेत. ज्यांची कुरकुर होती त्यांच्याच हातीं वांटणी गेली असें ह्यावरून दिसतें. तरी ते सात आत्म्यानें व ज्ञानानें पूर्ण असे होते. योग्यता आणि वांटा हीं एकमेकांचे वैरी नाहींत.

ग्रामपंचायतींत हा अनुभव आला आहे. १९९३ पासून तेथें एक-तृतीयांश जागा स्त्रियांकरितां राखिल्या गेल्या. महाराष्ट्रानें २०११ सालीं तो वांटा निम्मा केला. पश्चिम बंगाल व राजस्थान येथील पंचायतींचा एक अभ्यास २००४ सालीं प्रसिद्ध झाला. जेथें प्रमुखपद स्त्रीकरितां राखिलें होतें, तेथें पिण्याच्या पाण्याच्या कामांकडे अधिक लक्ष गेलें असें त्यांत आढळलें. ह्यांत नवल काय? डोक्यावर हंडा कोण वाहतें, तें आपण जाणतों. लोकसभेकरितां असें विधेयक १९९६ सालीं प्रथम मांडिलें गेलें. घटनादुरुस्ती २०२३ सालीं संमत झाली, आणि तिचा अंमलही जनगणना व मतदारसंघांची फेररचना ह्यांवर अवलंबून ठेविला गेला.

परंतु केवळ खुर्ची मिळाल्यानें धर्मराज्य येतें असें कोणी समजूं नये. ईजबेलीच्या हातींही सत्ता होती, आणि तिच्यामुळें नाबोथाचा मळा व प्राण दोन्ही गेले. स्त्री पुरुषाहून अधिक पवित्र आहे म्हणून तिला जागा द्यावी असें आमचें म्हणणें नाहीं. ती पुरुषाइतकीच पापी व पुरुषाइतकीच देवाला प्रिय आहे; म्हणूनच तिच्यावर चालणाऱ्या कायद्यांत तिचा शब्द असावा. शिवाय सरपंच पत्नी आणि कारभार पतीचा, असा प्रकार पुष्कळ गांवीं दिसतो. जो पति पत्नीच्या नांवाची सही घेतो आणि तिचें तोंड बंद ठेवितो, तो कायदा पाळून न्याय चोरतो.

प्रिय बंधुभगिनींनो, दिल्लीची सभा आपल्यापासून दूर आहे, परंतु आपल्या मंडळीची पंचकमिटी दूर नाहीं. उपासनेस येणाऱ्यांत स्त्रिया किती, आणि पंचांत किती, हें प्रत्येक उपदेशकानें मोजून पाहावें. विधवेच्या मदतीचा, मुलींच्या शाळेचा किंवा नवऱ्यानें टाकिलेल्या बहिणीचा प्रश्न निघतो, तेव्हां तेथें कोण बसलेलें असतें? ज्या बहिणीला मंडळीच्या सभेंत दोन शब्द बोलण्याचा धीर आला नाहीं, ती ग्रामपंचायतींत कशी बोलेल? आणि जी तेथें बोलली नाहीं, ती लोकसभेपर्यंत कशी पोहोंचेल? पुनरुत्थानाचें पहिलें वर्तमान प्रभूनें स्त्रियांच्या हातीं पाठविलें. शिष्यांस तें प्रथम वायफळ वाटलें, आणि तरीही तेंच खरें ठरलें. ज्यांच्या मुखीं प्रभूनें एवढा शब्द घातला, त्यांस आपण आपल्या सभेंत मुक्या ठेवावें काय?