संशयाचा क्रम

२०१४ साली उत्पादन थांबलेली ॲम्बॅसडर आजही काही अंगणांत जपलेली आढळते. ती सुरू होईना, की आपण तत्काळ बॅटरीला दोषी ठरवतो. वास्तविक प्रथम विचारावे ते हे: इंजिन फिरतच नाही, की फिरूनही पेट घेत नाही? फिरत असेल तर शोध ठिणगीचा व पेट्रोलचा. फिरत नसेल तर दिवे लावून सेल्फ मारावा. दिवे फार मंदावले, तर संशय बॅटरीवर, गंजलेल्या टर्मिनलवर किंवा अडकलेल्या सेल्फवर. तेजस्वी राहिले, तर स्विच अथवा सोलेनॉइडवर. बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवीत असली तरी इंजिनाची अर्थिंगची पट्टी सैल असू शकते. रबरी आधारांवर बसलेल्या इंजिनातून प्रवाह परततो तो तिच्याच वाटेने.

चाचणीविना भाग बदलणे म्हणजे जबानी न घेता शिक्षा देणे होय. कधी हाताळताना सैल जोडणी हलते, गाडी सुरूही होते. पण निर्दोष भाग भंगारात जातो आणि खरा दोष तसाच राहतो.

माणसांच्या बाबतीत आपण याहून सावध असतो काय? घरात वा संस्थेत काही अडले, की आपण हाताशी असलेल्यावर बोट ठेवतो. संशय घेणे हा अपराध नव्हे. त्याला क्रम न लावणे हा मात्र अन्याय आहे, असे आम्हांस वाटते.