शुद्धी आणि क्षेपक

नांदेडच्या घरी १९९९ सालचा ‘प्लेनस्केप: टॉर्मेंट’ हा संगणकीय खेळ पुन्हा मांडण्यापूर्वी मी त्याला दोषदुरुस्तीचे पॅच चढवले, आणि कर्त्यांनीच गाळलेले प्रसंग परत आणणारा मॉडही (खेळात फेरफार करणारी जोड) दाखल केला, तेव्हा खेळात एवढी खाडाखोड झाल्यावर मूळ संहिता शिल्लक राहते काय, हा प्रश्न मनात उभा राहिला. मग आठवले, की आमच्याच मराठवाड्यातील पैठणच्या संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीच्या प्रतींत शिरलेले अपपाठ निपटून ती शुद्ध केली आणि तीत स्वतःची ओवी घालण्यास मात्र सक्त मनाई केली. पॅचला मुभा, मॉडला मज्जाव! परंतु कर्त्यानेच वगळलेले पुन्हा जोडणे, ही शुद्धी की क्षेपक, म्हणजे मागाहून घुसडलेली भर? खेळाचा नायक तर मरतो, स्मृती गमावून उठतो, आणि तरीही ‘तोच’ म्हणवतो. मॉड मी काढला नाही, नाथांची क्षमा मागून.