न दिसणारा दरवाजा

मालवणच्या जेट्टीवर बसून मी सिंधुदुर्ग किल्ल्याचं पहिलं चित्र काढलं तेव्हा त्यात तट होता, माड होते आणि मधोमध भलामोठा दरवाजा होता. खरं तर जेट्टीवरून दरवाजा ओळखूच येत नाही. १६६४ साली शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर हा किल्ला बांधायला घेतला, तेव्हा दरवाजा बुरुजांच्या आड असा वळवला की होडी जवळ जाईपर्यंत पत्ता लागू नये. मला तो दिसत नव्हता, माहीत होता. म्हणून काढला.

शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, दोन्ही परीक्षा दिल्या होत्या. स्मरणचित्रात माझा हात चालायचा. माणूस, झाड, होडी, सगळ्याचे साचे डोक्यात तयार. पुढे तेच नडलं. नवशिक्यांना हमखास सांगतात, सुरुवातीलाच दाबून रेघ मारू नका, कागदावर चर पडतो आणि तो खोडरबराने जात नाही. सावली बोटाने फासू नका. एकट्या एचबीवर भागवू नका, गडद भागाला ४बी, ६बी घ्या. हे सगळं बरोबर आहे आणि महिनाभरात जमतंही. कागदाकडेच बघत राहायची खोड मात्र जात नाही. कोडमधली चूक तासन्‌तास सापडत नाही, तेव्हाही आपण लिहिलेलं वाचत नसतो, लिहायचं होतं ते वाचत असतो.

गेल्या मे महिन्यात घरी होतो. दुपारी पडवीत बसलेल्या आजीचं चित्र काढलं. डोळे नेहमीप्रमाणे फार वर गेले. खरं तर डोळे डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर येतात, पण कपाळाकडे कुणाचं लक्ष जात नाही. ते दुरुस्त केलं. सुरकुत्यांच्या काळ्या रेघा पुसून हलक्या छटा दिल्या. एक गोष्ट मात्र मी मुद्दाम केली. दोन वर्षांपूर्वीच्या आजारपणात तिची डावी पापणी खाली आली, ती कायमची. चित्रात मी दोन्ही डोळे सारखे काढले. प्रेमानेच.

तिने कागद लांब धरून पाहिला. "ह्या माझा तोंड न्हय रे," म्हणाली आणि परत दिला.

मला राग आला. मी तिचं दुखणं झाकलं होतं, यात वाईट काय? रात्री पडल्यापडल्या वाटलं, झाकलं ते नक्की कुणासाठी? ती रोज आरशासमोर कुंकू लावते, तिला तो डोळा पाठ आहे. बघवत नव्हतं ते मला. दोन वर्षं तिच्याशी बोलताना मी उजव्याच डोळ्याकडे बघतोय, हे त्या रात्री पहिल्यांदा लक्षात आलं. समोरच्याला दुखवू नये म्हणून नजर वळवायची, याला आपण सभ्यता म्हणतो. त्या माणसाच्या वाट्याला मात्र कुणाचीच पुरी नजर येत नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा बसलो. हात ताठ करून पेन्सिल डोळ्यासमोर धरली, पापणीचा तिरकस कोन मोजला, कागदावर आणला. पुन्हा बघितलं, पुन्हा मोजला. इतका वेळ तिच्या चेहऱ्याकडे मी कधीच बघितलं नव्हतं. तीही हलली नाही.

"ह्यो डोळो बरो जमलो," चित्र बघून म्हणाली. मग जरा थांबून, "नाक मात्र मोठा काढलंस."

मी पेन्सिल धरून पुन्हा मोजलं. नाक बरोबर होतं. ती माझ्याकडे बघत होती, आणि खोडरबर माझ्या हातात होता.