पाहणाऱ्याची शांती

२०१८ साली कॅनडातील मॉन्ट्रियल शहरात डॉक्टरांच्या एका संघटनेने तेथील ललित कला संग्रहालयाच्या सहकार्याने एक अभिनव प्रयोग सुरू केला. डॉक्टरने रुग्णाला औषधाच्या चिठ्ठीप्रमाणे संग्रहालयभेटीची चिठ्ठी लिहून द्यावी आणि ती दाखवणाऱ्या रुग्णाला व त्याच्या सोबत्याला संग्रहालयाने विनामूल्य प्रवेश द्यावा, अशी ती योजना होती. एका डॉक्टरला अशा ५० चिठ्ठ्या देण्याची मुभा होती. २०२१ साली ब्रुसेल्समध्येही मानसिक ताणाने ग्रासलेल्या रुग्णांसाठी असाच उपक्रम झाला. युरोप-अमेरिकेतील अनेक कलासंग्रहालयांत आता चित्रांच्या दालनात ध्यानाचे वर्ग भरतात, शिल्पांच्या सान्निध्यात योगासने होतात, आणि एकाच चित्रासमोर बसून श्वासाकडे लक्ष देण्यास शिकवले जाते. ‘माइंडफुलनेस’ हा शब्द तेथे परवलीचा झाला आहे.

अशा वार्ता कानी आल्या की दोन प्रकारची मते ऐकू येतात. कोणी म्हणतात, हे सुखवस्तू समाजाचे चोचले आहेत. कोणी म्हणतात, मनाला शांती मिळते ना, मग आणखी काय हवे? आम्हांस ही दोन्ही मते उथळ वाटतात. खरा प्रश्न नैतिक आहे. मनुष्य कशासाठी पाहतो? स्वतःला बरे वाटावे म्हणून पाहणे आणि समोर जे आहे त्याचे सत्य कळावे म्हणून पाहणे, या दोहोंत भेद आहे की नाही?

प्रथम या उपक्रमांचे श्रेय त्यांना दिले पाहिजे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातील एक पाहणी २००१ साली प्रसिद्ध झाली. थोर कलाकृतींसमोर प्रेक्षक सरासरी अवघे २७ सेकंद थांबतात, असे तीत आढळले. निम्म्या वेळा तर हा काळ १७ सेकंदांहूनही कमी होता. ज्या चित्रासाठी चित्रकाराने वर्षे वेचली, त्याच्या वाट्याला आपल्या आयुष्यातील अर्धे मिनिटही येत नाही. अशा उतावळ्या जगात कोणी दहा मिनिटे एका जागी बसावयास शिकवत असेल, तर त्याला हसण्याचा अधिकार आपणांस नाही. देवळात शिरताना वेदीवरच्या क्रुसाकडे आपण किती सेकंद पाहतो, हे ज्याचे त्याने मोजावे.

परंतु ‘माइंडफुलनेस’ ही संकल्पना आली कोठून? तिचे मूळ बौद्ध परंपरेतील ‘सति’ या साधनेत आहे. इगतपुरीच्या विपश्यना केंद्रामुळे महाराष्ट्राला ती अपरिचित नाही. १९७९ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात जॉन कबाट-झिन यांनी तिला धार्मिक संदर्भापासून वेगळे करून ताणनिवारणाचा आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम रचला. दीर्घ वेदनेने पिडलेल्यांना त्याचा लाभ झाला, हे नाकारण्याचे कारण नाही. मात्र भगवान बुद्धांच्या अष्टांगिक मार्गात सम्यक स्मृती एकटी येत नाही. सम्यक वाणी, सम्यक कर्म, सम्यक आजीविका ही तिची भावंडे होत. जो सजगतेने श्वास घेतो त्याने सजगतेने बोलावे आणि निर्दोष मार्गाने पोट भरावे, अशी तेथे अपेक्षा आहे. भावंडांपासून तोडलेली सजगता मनाला विसावा देईल. मनुष्याला बदलेलच असे नाही.

कलाकृतींच्या बाबतीतही असेच घडले आहे. फ्रान्समधील कोलमार शहराच्या उंटरलिंडेन संग्रहालयात मथियास ग्रुनेवाल्ड याने १५१२ ते १५१६ या काळात रंगवलेली इझेनहाइमची वेदीचित्रे आहेत. मुळात ती संग्रहालयासाठी नव्हतीच. इझेनहाइम येथे संत अँथनींच्या नावाने चालणाऱ्या संघाचा मठ व इस्पितळ होते. ‘संत अँथनींची आग’ या भयंकर व्याधीचे रोगी तेथे येत. हातापायांत आग पेटल्यासारख्या वेदना होत, अवयव काळे पडून सडत आणि अखेर कापावे लागत. राय या धान्यावर वाढणाऱ्या विषारी बुरशीमुळे हा रोग होतो, हे त्या काळी कोणास ठाऊक नव्हते.

अशा रोग्यांना या वेदीसमोर आणले जाई, असे अभ्यासक सांगतात. तेथे त्यांना काय दिसे? रम्य निसर्ग नव्हे, मंद हास्य नव्हे. त्यांना दिसे क्रुसावरचा प्रभू: हिरवट पडलेली कातडी, देहभर काटे आणि व्रण, वेदनेने आकसलेली बोटे. चित्रकलेच्या इतिहासात येशूचा देह इतका विद्रूप क्वचितच रंगवला गेला असेल. आजच्या कल्पनेनुसार हे चित्र कोणा रुग्णाला दाखवणे क्रौर्य ठरेल. पण त्या रोग्याला तेथे आपलीच कातडी दिसे. ज्याच्या अंगाच्या दुर्गंधीने जग दूर पळे, त्याला कळे की देव दूर पळालेला नाही. सणाच्या दिवशी वेदीचे पंख उघडले जात. मग तोच देह पुनरुत्थानाच्या प्रकाशात निष्कलंक दिसे, जखमा मात्र तशाच राखून. या दर्शनाने त्याची आग विझत नसे. परंतु ‘मी एकटा आहे’ ही आगीहून दाहक वेदना शमत असे.

आणखी एक गोष्ट आम्हांस अत्यंत महत्त्वाची वाटते. ते धर्मबंधू रोग्याला केवळ चित्रासमोर सोडून जात नसत. ते त्याला चांगली भाकर देत, पौष्टिक अन्न देत, जखमांना मलम लावत. रोगाचे मूळ दूषित धान्यात असल्यामुळे ती निर्मळ भाकर, देणाऱ्याच्याही नकळत, औषध ठरे. चित्र, भाकर आणि मलम एकाच छपराखाली होते. आज चित्र संग्रहालयात आहे, मलम इस्पितळात आहे, आणि भाकर ज्याची त्याने मिळवावयाची आहे. मॉन्ट्रियलच्या डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली, ती या विखुरलेल्या गोष्टींना पुन्हा एकत्र आणण्याची धडपड म्हणूनच आम्ही वाचतो.

येथे कोणी विचारील, दुःखी माणसाने आराम शोधला तर त्यात वावगे काय? काहीच नाही. यरीहोच्या वाटेवरच्या आंधळ्या बार्तीमयाने दृष्टी मागितली, तेव्हा प्रभूने त्याला स्वार्थी म्हटले नाही, दृष्टी दिली. पण दृष्टी मिळताच बार्तीमय घरी जाऊन स्वस्थ बसला नाही; तो प्रभूच्या मागे चालू लागला. आराम हा मुक्काम नसतो, ती वाटेवरची धर्मशाळा असते. १९८९ साली ख्रिस्ती ध्यानाविषयी व्हॅटिकनने बिशपांना जे पत्र लिहिले, त्यात पौर्वात्य साधनापद्धती सरसकट त्याज्य ठरवलेल्या नाहीत; मात्र शरीराच्या स्वस्थतेलाच पवित्र आत्म्याचे सांत्वन समजू नये, असा इशारा दिला आहे. तो इशारा बौद्ध साधकापेक्षा आपणांसच अधिक लागू पडतो. आराधनेनंतर ‘आज फार छान वाटले’ असे म्हणून आपण बाहेर पडतो आणि फाटकाशी बसलेल्या म्हातारीला ओलांडून जातो, तेव्हा आपणही देवळाचे आरोग्यकेंद्रच केलेले असते.

डच धर्मगुरू हेन्री नोवेन यांचे उदाहरण येथे बोलके आहे. १९८६ साली ते रशियातील हर्मिटाज संग्रहालयात गेले आणि रेम्ब्राँच्या ‘उधळ्या पुत्राचे परतणे’ या चित्रासमोर तासन्‌तास बसून राहिले. देवळात नव्हे, एका नास्तिक राजवटीच्या संग्रहालयात! तेव्हा संग्रहालयात देव भेटत नाही, असे कोणी म्हणू नये. त्याच वर्षी विद्यापीठीय प्रतिष्ठा मागे ठेवून ते टोरंटोजवळील एका आश्रमात बौद्धिक विकलांग बांधवांबरोबर राहावयास गेले. चित्रातील पित्याचे हात त्यांनी डोळ्यांनी पाहिले आणि पुढे आपल्या हातांनी गिरवले.

पाहण्याची कसोटी ही अशी आहे. यरुशलेमहून यरीहोला जाणाऱ्या वाटेवर पडलेल्या जखमी माणसाला तिघांनी पाहिले. याजकाने पाहिले, लेवीने पाहिले, शोमरोन्यानेही पाहिले. कोणाचीही दृष्टी अधू नव्हती. कदाचित याजकाचे चित्त त्या क्षणी अत्यंत शांत असेल. भेद इतकाच की, शोमरोन्याच्या दृष्टीने त्याचे पाय थांबवले आणि हात हलवले. जी शांती दुसऱ्याच्या वेदनेने भंग पावत नाही, ती शांती नव्हे, बधिरता होय.

गोव्यातही ख्रिस्ती कलेचे संग्रहालय आहे. १९९४ साली राशोल सेमिनरीत ते सुरू झाले आणि २००२ साली जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठात हलवण्यात आले. आपल्या पूर्वजांनी ज्यांच्यापुढे गुडघे टेकले अशा वस्तू आता तेथे काचेआड जपल्या आहेत. त्या जपल्याच पाहिजेत. परंतु आपल्या देवळांतील मूर्ती अजून काचेआड गेलेल्या नाहीत, आणि क्रुसाच्या वाटेची १४ स्थाने अजून भिंतींवर आहेत. सावकाश पाहण्याची शाळा आपल्या घरातच आहे. उपवासकाळात आपण ती घाईघाईने उरकतो, एवढेच. प्रत्येक स्थानापाशी थोडे अधिक थांबावे, वेरोनिकेच्या हातातील वस्त्राकडे पाहावे, आणि मग बाहेर पडताना आज आपल्याला कोणाचा चेहरा पुसावयाचा आहे, हे स्वतःला विचारावे.