काळी, पांढरी आणि भक्तीचा रस्ता

बुलढाणा जिल्ह्यातल्या अमडापूरला टेकडीवर बल्लाळदेवीचं देऊळ आहे, पायथ्याकडे गाव आणि भोवती शिवार. मराठी मुलखातली बहुतेक जुनी गावं अशीच दोन रंगांत वाटलेली असत. वस्तीची ती पांढरी, पिकाची ती काळी. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 1915 सालच्या ‘गावगाडा’तही ही जोडी भेटते. नगररचना खातं नव्हतं तेव्हा या वाटणीवर पहारा देवांचा होता. वेशीत मारुती, शिवेवर म्हसोबा. रात्री बांध कोरणारा पाटलाला भीत नसेल, पण म्हसोबाला भ्यायचा. (ही शिस्त निर्मळ नव्हती. महारवाडा गावकुसाबाहेर ठेवला गेला, त्याबद्दल एकाही देवाने तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.)

आज म्हसोबाचं काम जमीन महसूल संहितेकडे आहे. 1966 च्या या कायद्याने गावठाणाची हद्द जिल्हाधिकारी ठरवतात. पुढे त्यात कलम 42-ड आलं आणि गावठाणापासून 200 मीटरपर्यंतच्या जमिनीला बिनशेतीची वाट सोपी झाली. पांढरी काळीत सरकते ती अशी, कागदावरून. घर वाढलं, भाऊ वेगळे झाले, मुलाला रस्त्याकडेला दुकान टाकायचंय. यातली एकही गरज खोटी नाही.

खोटेपणा असतो तो गायरानाच्या बाबतीत. गाईला माता म्हणणाऱ्या गावांत गाईच्या चराईची जमीन सगळ्यांत आधी जाते. सर्वोच्च न्यायालयाने 28 जानेवारी 2011 रोजी जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं हटवायला सांगितलं. महाराष्ट्र सरकारने त्याच वर्षी तसा निर्णयही काढला. पण त्याच गायरानावर भूमिहीनाचं खोपटं असतं आणि पुढाऱ्याची संस्थाही. अतिक्रमण या एका शब्दात दोन्ही कोंबले, की आधी खोपटं मोडतं.

मग प्रश्न फक्त आखणीचा राहत नाही. जमीन कुणाची आणि ती मागायचा हक्क कुणाला, असा तो होतो. बुलढाणा जिल्ह्यात हा प्रश्न चक्क देवाच्या नावाने आला. सिंदखेडराजा ते शेगाव असा 109 किलोमीटरचा ‘भक्ती महामार्ग’ प्रस्तावित झाला आणि 2024 मध्ये शेतकरी त्याच्या विरोधात उतरले. त्यात अमडापूर ज्या चिखली तालुक्यात येतं, तिथलेही होते. विरोध करणारे नास्तिक नव्हते. शेगावच्या गजानन महाराजांचा फोटो ज्यांच्या घरात आहे, तेच मोजणीला नको म्हणत होते.

मोबदल्याचं उत्तर सरकारकडे तयार असतं. समृद्धी महामार्गासाठी रेडीरेकनरच्या पाचपटीपर्यंत भाव दिला गेला आणि अनेकांनी तो आनंदाने घेतला. तो व्यवहार होता, व्यवहार म्हणून त्यात गैर काही नाही. रस्त्याला भक्तीचं नाव दिलं की मात्र घोळ होतो. नकार देणारा हिशेबी राहत नाही, अभक्त ठरतो. भक्तीत अर्पण असतं आणि अर्पण करणाऱ्याला ‘नाही’ म्हणता आलं पाहिजे. सक्तीच्या संपादनाला ही मोकळीक नसते.

देवाच्याच नावाच्या दुसऱ्या रस्त्याच्या, नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाच्या, मूळ आराखड्यातला योगायोग तर बोलका आहे. 802 किलोमीटरच्या या रस्त्याची सुरुवात वर्ध्याजवळच्या पवनारहून धरलेली होती. पवनार म्हणजे भूदानवाल्या विनोबा भाव्यांचा आश्रम. 18 एप्रिल 1951 रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीत विनोबांनी भूमिहीनांसाठी जमीन मागितली आणि रामचंद्र रेड्डींनी 100 एकर देऊ केली. पुढे मला घरातला सहावा मुलगा समजा आणि माझा वाटा द्या, असं म्हणत ते गावोगाव पायी हिंडले. 40 लाख एकरांहून जास्त जमीन जमली. त्यातली बरीच खडकाळ निघाली, बरीच कागदांच्या गुंत्यात अडकली. दानालाही खोट असते. तरी विनोबांपुढे ‘देत नाही’ म्हणायची सोय होती.

आणि देवाला जमीन लागते का? कायदा तर देवालाच जमिनीचा मालक मानतो. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की देवस्थानच्या जमिनीचा मालक देव, पुजारी नव्हे. पुजाऱ्याकडे फक्त व्यवस्था. हाच न्याय राज्यकर्त्यांना लावून पाहायला हरकत नसावी. देवाच्या वतीने मागणी करणाराही फार तर व्यवस्थापकच.

सिंदखेडराजा आणि शेगाव या दोन टोकांच्या मधून भक्ती आधीपासून चालतेच आहे. पंढरपूरहून परतणारी गजानन महाराजांची पालखी सिंदखेडराजा, लोणार, मेहकर करत खामगावला येते. तिथून शेगावपर्यंतच्या शेवटच्या टप्प्यात हजारो माणसं तिच्यासोबत निघतात. त्यातले कित्येकजण त्या दिवसापुरते वारकरी असतात. पेरणी उरकून, पायात साध्या चपला घालून आलेले.